पाहुण्यांची नावं

मिडलबर्खच्या चौकात एका हॉटेलाबाहेर लाकडी खोक्यात बर्फ पसरून त्यावर कालवं मांडून ठेवली होती. आमचीच कालवं. खडकाला घट्ट चिकटून बसणारी, कोयतीच्या टोकाने फोडून काढायची. फक्त इथली जरा लठ्ठ आणि आंघोळ घालून बसवल्यासारखी स्वच्छ. शेजारी लिंबाच्या फोडी, पाटीवर खडूने लिहिलेला भाव, आणि उभ्या उभ्या कालवं गिळणारी दोन म्हातारी जोडपी. मी वाकून वास घेतला. दुकानातला माणूस हसला, त्याला वाटलं बाई ताजेपणा बघतेय. मी काही बघत नव्हते. त्या एका वासासरशी मी वरोरला पोचले होते, हिरामावशीच्या मागे, पोटरीभर चिखलात, डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन.

दोन हजार अठराच्या दिवाळीआधीचे ते दिवस. मी दहा दिवसांच्या एका प्रशिक्षणासाठी नेदरलँड्सला गेले होते. विषय काय, तर किनाऱ्यावरच्या लोकांशी संवाद कसा साधावा. मला हसू तेव्हाच यायला हवं होतं, पण पासपोर्टवर पहिला शिक्का पडलेल्या माणसाला हसू कुठलं येतंय. मसोलीत आमच्या आईने पेढे वाटले होते. वडील डहाणू रोडला तिकीट खिडकीवर, त्यांनी खिडकीतून अनोळखी प्रवाशांनासुद्धा सांगितलं असेल की मुलगी परदेशी चालली आहे.

मिडलबर्ख गाव मोठं देखणं. विटांचे रस्ते, गावाभोवती फिरणारा कालवा, उंच मनोरा आणि त्यातल्या घंटा, दर पाव तासाने काहीतरी वाजवणाऱ्या. घरं बघून वाटावं, तीन-चारशे वर्षं कुणी खिळासुद्धा हलवला नाही. पण महायुद्धात सुरुवातीलाच या गावाचा मधला भाग जळून गेला होता. नंतर लोकांनी पुष्कळसं होतं तसंच परत बांधलं. लोटेने मला हे सांगितलं तेव्हा मी एका दारावरचा नक्षीचा दगड बोटाने चाचपत होते. "हा नवा आहे," ती म्हणाली, "पण जुन्यासारखा." मी बोट काढून घेतलं.

लोटे कोण, ते सांगते. पण आधी मावशी सांगायला हवी, कारण मावशीशिवाय लोटे आमच्या आयुष्यात आलीच नसती.

माझी आई वरोरची, समुद्राकाठची. लग्न करून मसोलीला आली, पगारदार माणसाची बायको झाली, आणि त्यानंतर तिने चिखलात पाय घातला नाही. कालवांचा वास आला की नाकाला पदर लावायची, आणि खायला मात्र सगळ्यांच्या आधी बसायची. तिची थोरली बहीण हिरामावशी गावातच दिली होती, ती तिथेच राहिली. मावशीला मूल नव्हतं. सुट्टी लागली की मी तिच्याकडे, हे ठरलेलंच. ती मला लाडाने 'पगारवाल्याची पोर' म्हणायची. कॉलेजात गेले, दोन हजार चौदा साल उजाडलं, तरी पुनव-अवस आली की मी एसटीने वरोरला हजर असायची. आईला सांगायची अभ्यासाला शांतता मिळते.

पुनव-अवसेला मोठी ओहोटी. पाणी असं मागे जातं की वाटावं आता परत यायचंच नाही. मग एकेक करून खडक वर येतात, काळे, ओले, अंगावर शेवाळ आणि कालवांची पुटं घेऊन. पुढे वाढवणपर्यंत ही खडकांची पट्टी गेलेली. त्या ओल्या खडकांचा वास मला शब्दांत कधी धरता आला नाही. थोडं लोखंड, थोडं मीठ, थोडं कुजलेलं काहीतरी, आणि तरी भूक लागावी असा. हिवाळ्यात त्यात किनाऱ्यावर बांबूंवर टांगलेल्या बोंबलांचा वास मिसळायचा. वारा जमिनीकडून फिरला की वाड्यांमधून पिकल्या चिकूचा गोड वास यायचा, मग तर डोकं चक्रावून जायचं.

मावशीची उतरायची एक पद्धत होती. चपला नेहमी त्याच एका दगडावर, शेजारी शेजारी, तोंडं घराकडे करून. लुगड्याचा काचा आवळून घ्यायचा. पाण्याला हात लावून तो कपाळाला. मग कोयती कमरेला खोचून ती चालू लागायची आणि चालता चालता पुटपुटायची. "चंद्रे, येते गं." थोडं पुढे गेलं की, "यमुने, सरक जरा, पाय टेकू दे." आणखी पुढे, "काय गं द्वारके, बरी हायस ना?" कुणीच नसायचं तिथे. मी लहान होते तेव्हा समजायची की मावशीच्या मेलेल्या मैत्रिणी समुद्रात राहायला गेल्या असणार. मोठी झाल्यावर समजले की एकटीने काम करणाऱ्या बाया अशा पुटपुटतातच. त्यात काय विशेष, माझे वडील नोटा मोजताना शंकराचं नाव घेतात.

खडकांची नावं मला पाठ होती. मावशीनेच शिकवलेली. किनाऱ्याकडून सुरुवात केली की पहिला म्हातारीचा दात, मग उखळ, मग एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या दोन जावा, मग पालखी, आणि सगळ्यात आत, फक्त मोठ्या ओहोटीला डोकं काढणारी, खाट. खाटेवर बसून आम्ही पाणी प्यायचो. मी एका दोनशे पानी वहीत हे सगळं लिहून ठेवलं होतं, बाण काढून, पावलं मोजून. मावशी एकदा माझ्या खांद्यावरून वहीत डोकावली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवतेस गं बाय एवढं?"

"तुझे खडक."

"माझे कसले," ती म्हणाली, आणि पातेलं उचलून चालायला लागली.

घरी आल्यावर अंगणात झावळ्यांचा जाळ. पातेल्यातल्या कालवांत कांदा, कैरीची फोड, मावशीच्या हातचा मसाला. तांदळाच्या भाकऱ्या. राहिलेली कालवं डब्यात घालून ती सकाळी डहाणूच्या बाजारात बसायची, आणि तिथे तिची जीभ ऐकावी. भाव मराठीत सांगायचा, दोन गोड शब्द गुजरातीत बोलायचे, आणि भांडण मात्र गावच्या बोलीत, म्हणजे समोरच्याला कळायच्या आत संपलेलं. मी शेजारी बसून हे बघायचे आणि मनात म्हणायचे, मलाही असंच तीन भाषांत राहता आलं पाहिजे. आलंही. तिथेच घोटाळा झाला.

लोटे आली दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात. उंच, उन्हाने सोललेलं नाक, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. खडकांवरचे जीव मोजायला आले आहे म्हणाली. तिला मराठी, गुजराती आणि इंग्रजी येणारं कुणीतरी बरोबर हवं होतं. कॉलेजच्या बाईंनी माझं नाव सुचवलं. गावातलं वातावरण तेव्हा तापलेलं होतं. शेजारी वाढवणला मोठं बंदर होणार, ही बातमी नव्याने उठली होती. घरांवर काळी निशाणं, भिंतींवर 'बंदर नको', आणि कुणी नवखा माणूस किनाऱ्यावर दिसला की दहा जण गोळा. मी लोटेला पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं, तू बंदराची आहेस का.

"मी शिंपल्यांची आहे," ती म्हणाली.

मला ते इतकं आवडलं की मी तिथल्या तिथे तिची झाले. गावात चार जणांसमोर मीच तिच्यासाठी शब्द टाकला. मावशीने फक्त एवढं विचारलं, "तुझी मैत्रीण ना? मग पाहुणी आपली." चहा दिला, बसायला चटई दिली, आणि खडकावर तिच्यासमोर एक कालव फोडून धरलं. लोटेने ते कच्चंच गिळलं. आमच्या गावी कालवं खातात, ती म्हणाली, माझी आजी तर लिंबूही पिळत नाही. मी भाषांतर केलं. मावशी हसली आणि तिने आणखी एक फोडलं.

दोन महिने आम्ही तिघी खडकांवर होतो. लोटे दोरीचे चौकोन टाकायची, त्यातले जीव मोजायची, हातातल्या यंत्रावर जागा टिपायची. मी वही उघडून नावं सांगायची. हा म्हातारीचा दात. ही पालखी. अशी नाही, प-आ-ल-खी. ती जीभ वळवून वळवून म्हणायची, मी हसायची, परत म्हणून घ्यायची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. आणि मावशी? मावशी दूर बसून कालवं फोडत असायची. त्या दोन महिन्यांत ती एकदाही पुटपुटली नाही. ना चंद्री, ना यमुना. मला वाटलं, परक्या बाईसमोर लाजते.

मी नावं का दिली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. पैशांसाठी नाही, पैसे तर भाषांतराचे मिळत होतेच. मला खरंच वाटत होतं की नकाशावर नाव आलं की त्या जागेला कुणी हात लावत नाही. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात ज्यांची नावं होती ते डोंगर, त्या नद्या, सगळे जागच्या जागी होते. ज्यांना नाव नव्हतं तीच माळरानं कुंपणात जायची. रेल्वे वसाहतीत वाढलेल्या मुलीचं हे शहाणपण. मावशीला विचारायचं मला सुचलंही नाही.

लोटे परत गेली. मावशीचं पुटपुटणं मात्र माझ्यासमोर परत सुरू झालं नाही. आम्ही पत्रं लिहायचो, म्हणजे फोनवरच. तिच्या मांजरीचं नाव मला माहीत होतं, माझं लग्न का मोडलं ते तिला माहीत होतं. मला तलासरीच्या एका शाळेत कंत्राटावर नोकरी लागली. तिथे वर्गातल्या निम्म्या मुलांना दोन नावं. हजेरीत सुनीता, घरी बुधी. हजेरीत राजेश, आणि पाड्यावर त्याला त्या नावाने हाक मारली तर कुणी वळून बघणार नाही. एकदा मी सुनीताला विचारलं, तुझं खरं नाव कुठलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "बाई, कुठे ते? इथे का घरी?" मला गंमत वाटली, आणि मी पुढचा धडा उघडला.

आणि मग ते बोलावणं आलं. लोटेच्या कंपनीने दिलेलं, लोटेने माझ्यासाठी भांडून मिळवलेलं.

तिसऱ्या दिवशी आम्हाला त्यांचं ऑफिस दाखवायला नेलं. कालव्याकाठची जुन्यासारखी नवी इमारत. आत लांब व्हरांडा आणि दोन्ही भिंतींवर जगभरच्या किनाऱ्यांचे मोठमोठे रंगीत नकाशे. मी कॉफीचा पेला घेऊन चालत होते. एका नकाशासमोर पाय आपोआप थांबले. समुद्र निळा, खडक तपकिरी, आणि खडकांवर बारीक रोमन अक्षरांत लिहिलेलं: म्हातारीचा दात. उखळ. दोन जावा. पालखी. खाट. माझ्या दोनशे पानी वहीतली नावं, एकही स्पेलिंग न चुकता. आणि त्या सगळ्यांवरून, पालखीपासून खाटेच्याही पलीकडे, राखाडी रेघांचा एक चौकोन. खाली छोट्या पाटीवर इंग्रजीत: भराव, टप्पा एक.

लोटे मागून आली. तिला खरंच आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. "बघितलंस?" ती म्हणाली. "तुझी नावं."

"हा राखाडी रंग कसला?"

"तो प्रस्ताव आहे. अशा कितीतरी आराखड्यांपैकी एक. अजून काहीच ठरलेलं नाही."

"तू शिंपल्यांची आहेस म्हणाली होतीस."

"मी शिंपल्यांचाच अभ्यास केला. सगळा अहवालात आहे. पुढे तो कोण कशासाठी वापरतं, ते माझ्या हातात नसतं." मग हळू आवाजात, समजूत घातल्यासारखी ती म्हणाली, "निदान नावं तरी राहिली ना. नाहीतर ती कुणाला कळलीच नसती."

केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार मी परीक्षेत वाक्यात उपयोग करून दाखवलेला आहे, पाचपैकी पाच गुण घेतलेत. तो प्रत्यक्षात कसा असतो ते त्या व्हरांड्यात कळलं. कापणाऱ्याचा हात मऊ असतो आणि त्याला वाटत असतं की तो तुमचे केस सारखे करतोय. मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडायला तोंड कुठे होतं? गावात शब्द मी टाकला होता. नावं मी दिली होती, वर उच्चारही घोटून घेतले होते. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात, त्यातलं कुंपण मीच होते. लोटेने अहवालाचं शेवटचं पान काढून मला दाखवलं, मला बरं वाटावं म्हणून. आभाराच्या यादीत माझं नाव होतं, आणि त्याखाली, श्रीमती हिराबाई, वरोर. दोन-चार महिन्यांत अहवाल छापून सगळीकडे जाणार होता. गावातही.

ज्या गावात दारोदार काळी निशाणं आहेत, तिथे माझ्या मावशीचं नाव भरावाच्या कागदावर आभारासह छापून येणार. तिला ते वाचता यायचं नाही. दुसरं कुणीतरी तिला वाचून दाखवणार. त्याच्या आधी मला तिच्यापर्यंत पोचायचं होतं. उरलेले सात दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी जेवण लोटेच्या आजीकडे ठरलेलं होतं, ते टाळता आलं नाही. आजी ऐंशीची, ताठ, कानात मोती. घरात साबणाचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, म्हणून आता दुभाषी लोटे होती. आजी युद्धाचं सांगत होती. ती सहा वर्षांची, इथून जवळच्याच एका खेड्यात राहायची. सगळा मुलूख समुद्रापेक्षा खोल, बांध घालून राखलेला. जर्मन येऊन बसलेले. एक दिवस आकाशातून कागद पडले, इथून निघून जा असं सांगणारे. कुठे जा, ते लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विमानं आली.

"आपली विमानं," लोटे म्हणाली. "म्हणजे मित्रांची. आजी म्हणते, आम्ही मुलं धावत बाहेर गेलो आणि विमानांना हात केले."

त्या विमानांनी जर्मनांवर नाही, बांधावर बॉम्ब टाकले. समुद्र आत आला आणि वर्षभर राहिला. आजीच्या घरातून दिवसाला दोनदा भरती जायची, दोनदा ओहोटी. बाहेर सफरचंदाची झाडं उभ्या उभ्या मेली. माणसं, गाई, घोडे, सगळे मिडलबर्खच्या उंच भागात येऊन दाटीवाटीने राहिले. मग त्याच पाण्यातून सैनिक आले आणि देश मोकळा झाला. "आम्ही नाचलो," आजी म्हणाली. "आई पण नाचली. मग घराकडे गेलो, तर जिन्याच्या चौथ्या पायरीवर कालवं लागलेली."

मी विचारलं, राग नाही आला? लोटेने ते आजीला विचारलं. आजीने काट्याने बटाटा मोडला. "राग कुणावर करायचा," ती म्हणाली. "शत्रूवर करता येतो. मित्रांवर कसा करतात, ते मला कुणी शिकवलंच नाही."

मग तिने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. "तुमच्या गावालाही समुद्र आहे ना, असं विचारतेय," लोटे म्हणाली.

"आहे," मी म्हणाले. "आमच्याकडे उलटं आहे. इथे मित्रांनी जमिनीवर समुद्र आणला. आमच्याकडे समुद्रावर जमीन आणतायत."

आजी वाट बघत होती. लोटेने ते तिला सांगितलं नाही. ती उठली आणि ताटल्या आवरायला लागली.

परत आले आणि काय केलं? काही नाही. इतकी घाई होती मला, आणि दिवाळी गेली, नाताळ गेला, मी तलासरीहून मसोली, मसोलीहून तलासरी. वरोरची एसटी समोरून जायची आणि मी दुसरीकडे बघायची. मावशीचा शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप, पुनवेला का नाय येत. मी म्हणायची, पेपर तपासायचेत. भित्रेपणाला कारणं कधी कमी पडत नाहीत. शेवटी माघातल्या पुनवेला गेले, तेही शाळेत कुणीतरी म्हणालं की बंदराचे कागद गावागावांत येणार आहेत म्हणून.

दुपार होती. मावशी अंगणात बांबूवर बोंबील टांगत होती, दोन दोन, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. लोटे, नकाशा, राखाडी चौकोन, आभार, तिचं नाव. तिचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर तिने विचारलं, "कुठली कुठली नावं दिलीस?"

"सगळी."

"सांग ना, कुठली."

"म्हातारीचा दात. उखळ. दोन जावा. पालखी. खाट."

मावशी हसली. मोठ्याने नाही, नाकातून, बाजारात गिऱ्हाईक फसल्यावर हसते तशी. "ती होय," ती म्हणाली. "ती तर पाहुण्यांची नावं."

मला कळेना. मग तिने सांगितलं, बोंबील टांगता टांगता, जणू हे कुणालाही माहीत असायला हवं. खडकांना दोन नावं असतात. एक पाहुण्यांसाठी. कुणी बघायला आलं, कुणी विचारलं, बाहेरची सून नवी नवी असली, तर त्यांना सांगायचं. दिसतं तसं, सोपं. दुसरं बायांचं आपसातलं. ते कुणी कुणाला शिकवत नाही, आणि बाहेरच्यासमोर तोंडातून काढत नाही.

"म्हणजे मी लहान होते तेव्हापासून..."

"तेव्हापासून काय?"

"मला पाहुण्यांची नावं सांगत होतीस."

तिने आणखी दोन बोंबील उचलले. आणि मला, जी मान खाली घालून माफी मागायला आले होते, मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. सुटका झाली होती माझी, हे कळत होतं. जे विकलं असं वाटत होतं ते माझ्याकडे कधी नव्हतंच. पण त्याने बरं वाटेना. इतकी वर्षं मी तिच्या मागे मागे चिखल तुडवला, तिच्या ताटात जेवले, तिच्या लुगड्यात झोपले, आणि तिने मला रबरी बूट घातलेल्या बाईच्या रांगेत बसवलं होतं. फरक इतकाच की लोटेला दोन महिन्यांत जेवढं मिळालं तेवढंच मला चोवीस वर्षांत मिळालं. मी तिला म्हणालेसुद्धा, "लोटेने फसवलं त्याचं एवढं नाही वाटलं, मावशी."

"फसवलं कशाला," ती म्हणाली. मग तिने हात पुसले आणि प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं. "तू लिवून घेतेस, बाय. लहान होतीस तेव्हापासून. लिवलं की ते आपलं राहत नाय. कुणाच्याही हातात जातं."

"पण जागा तर कळली ना त्यांना. नाव खरं असो नाहीतर खोटं, भराव तिथेच पडणार."

"जागा काय, आभाळातून पण दिसते. जागा लपवायला कोण बसलंय." तिने शेवटची जोडी टांगली. "नेतील तर दगड नेतील."

"आणि तुझं नाव छापून येणार त्याचं?"

"कुणी विचारलं तर सांगेन, पाहुणी होती, वाट दाखवली. बायांना कळेल." मग उन्हाकडे बघून म्हणाली, "चल. पाणी उतरलं."

चपला त्याच दगडावर, तोंडं घराकडे. पाण्याला लावलेला हात कपाळाला. मी रागातच मागे चालत होते, पातेलं डोक्यावर न घेता काखेत मारून. सूर्य समुद्राकडे झुकलेला, खडक एकेक करून वर आलेले. वास तोच. म्हातारीच्या दाताशी मावशी जरा थांबली, पाऊल टेकलं आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा माझ्यासमोर पुटपुटली.

"चंद्रे, येते गं."

मी जागच्या जागी उभी राहिले. ती पुढे गेली. उखळाला वळसा घालून तिने दुसरं पाऊल टाकलं. "यमुने, सरक जरा." दोन जावांपाशी आली. "काय गं द्वारके." तिने मागे वळून बघितलं नाही, आवाज मात्र रोजच्यापेक्षा थोडा मोठा होता. मी पातेलं डोक्यावर घेतलं आणि मोजत मोजत तिच्या पावलावर पाऊल टाकत गेले, खाटेपर्यंत. खाटेची हाक ऐकली तेव्हा मी तिथेच बसून रडले. ते नाव मला माझ्या नावाइतकं ओळखीचं होतं, लहानपणापासून ऐकत होते, आणि वहीत कधी लिहायचं सुचलं नव्हतं. मावशीने पाणी प्यायला दिलं आणि कोयती माझ्या हातात ठेवली.

खडक अजून आहेत. पुनव-अवसेला वर येतात. राखाडी चौकोनाचं पुढे काय व्हायचं ते होईल, मला काही सांगता येत नाही. लोटेचे निरोप येतात, मी उत्तर देते, मांजरीची चौकशी करते. तलासरीला वर्गात मी आता कुणाला खरं नाव विचारत नाही.

आणि हे मी लिहिलं. मावशीला सांगितलं नाही, पण तिला कळेल, तिला माझी खोड माहीत आहे. म्हणून एक सांगून ठेवते. चंद्री, यमुना, द्वारका ही नावं मी इथे घातलेली आहेत. मावशी ज्या हाका मारते त्या वेगळ्या. खाटेची हाक तर मी लिहिलीच नाही. तुम्हाला मिळाली ती पाहुण्यांची नावं. वाईट वाटून घेऊ नका. मलाही वाटलं होतं.